जर्मनीत मन लागत नाही, परत येऊ का? एका मुलाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

कोरेगाव तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. मेकॅनिकल करून ऑक्टोबरमध्ये मास्टर्सला जर्मनीत गेलाय, आता डिसेंबरचा तिसरा आठवडा चालू आहे. पहिले काही दिवस मजेत गेले, मग एकेक लेक्चर सुटत गेलं, आता दुपारी उठतो, दिवसभर खोलीतच असतो, ब्रेड नाहीतर नूडल्स खातो आणि घरून फोन आला की "सगळं मस्त चाललंय" म्हणतो. वडिलांनी जमीन तारण ठेवून लोन काढलंय म्हणून खरं सांगायची हिंमत होत नाही. प्रश्न दोन आहेत, "बाकी सगळ्यांना जमतंय, मलाच का जमत नाही?" आणि "परत यावं का?"

आधी मी कोण ते सांगते. मी सांगलीत विश्रामबागला जर्मन शिकवते. माझं मास्टर्स तिकडेच झालं, नंतर काही वर्षं नोकरीही तिकडेच केली. आता सांगली-साताऱ्याकडच्या जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेते आणि ती गेल्यावरही त्यांच्या संपर्कात असते. तुझ्यासारखे मेसेज मला दरवर्षी येतात आणि बहुतेक याच दिवसांत येतात, नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. बाकी सगळ्यांना जमत नाहीये. इन्स्टावर ख्रिसमस मार्केटचे फोटो टाकणारी जी मुलं तुला दिसतायत त्यातली काही संध्याकाळी मला रडत फोन करतात.

"मन लागत नाही" असं तू लिहिलंस, पण मला दिसतंय ते वेगळं आहे. घरी असताना तुझा दिवस तू एकटा लावत नव्हतास. सकाळी आई उठवायची, कॉलेजात पंच्याहत्तर टक्के हजेरीची भीती होती, जर्नल सबमिशन होतं, युनिट टेस्ट होती, मित्र गाडी घेऊन दारात यायचा, जेवायला हाक यायची. आमच्याकडे तासगावच्या बाजूला द्राक्षबागा आहेत, तिथे वेल कितीही जोमदार असला तरी तो तारांच्या मंडपावरच उभा असतो, मंडप काढला की वेल जमिनीवर पसरतो आणि म्हणून वेलाला कुणी नावं ठेवत नाही. तुझा मंडप विमानतळावरच सुटला आणि तिकडे नवा कुणी बांधून देत नाही, तो आपला आपण उभा करावा लागतो. ही गोष्ट जायच्या आधी कुणी सांगत नाही, सगळे व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच सुटते) आणि बॅगेच्या वजनात अडकलेले असतात. आणि मन आधी लागेल मग दिवस लागेल असं तू धरून चाललायस, माझा अनुभव बरोबर उलटा आहे. दिवस आधी लावावा लागतो, मन मागून येतं, आणि यायला वेळ घेतं.

त्यात तिकडची शिकवायची पद्धत अशा मुलाला फार महागात पडते. दीड तासाचं लेक्चर, बहुतेक लेक्चरना हजेरी नाही, प्रोफेसर तुझं नाव विचारत नाही, मधे टेस्ट नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकच परीक्षा, पूर्ण ग्रेड त्यावर. एका क्रेडिटला २५ ते ३० तास अभ्यास धरलेला असतो, सेमिस्टरला ३० क्रेडिट म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास, आणि त्यातले बरेचसे वर्गाबाहेर एकट्याने करायचे. आपल्याकडे चार लेक्चर बुडवली की एचओडी घरी फोन लावतात. तिकडे दीड महिना गेला नाहीस तरी कुणाला पत्ता लागत नाही, त्यामुळे आपण किती मागे पडलो ते मुलाला स्वतःलाच डिसेंबरात कळतं आणि तोवर इतकी लाज वाटायला लागते की वर्गात पाय ठेवणं अजून अवघड होतं. तुझं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

आणि अंधार. ही गोष्ट लहान समजू नकोस. सांगली-सातारा १७ अक्षांशाच्या आसपास, जर्मनी ४७ ते ५५ मध्ये. डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि चार-साडेचारला मावळतं, मधे पण ढग. तू दुपारी एकला उठतोस म्हणजे तुला दिवसाचे जेमतेम तीन तास उजेड मिळतो आणि तोही खिडकीतून. ऑक्टोबर ते मार्च तिकडचं ऊन व्हिटॅमिन डी तयार व्हायला पुरत नाही, हे त्यांच्या सरकारी आरोग्य संस्थेनेच सांगितलेलं आहे. डॉक्टरला दाखवून रक्त तपासायचं का ते विचार, मनाने मोठ्या डोसच्या गोळ्या घेऊ नकोस. पण गोळी असो वा नसो, सकाळी उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालणं हे मी प्रत्येकाला पहिलं सांगते, ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता घरच्या फोनचं बघू, कारण इथे मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक पडतो. आपल्याकडे रात्री नऊला जेवणं उरकली की सगळे फोनभोवती बसतात, आई, वडील, आज्जी, शेजारची काकू पण डोकावते, "काय रं, जेवलास का?" आणि तिकडे त्या वेळी साडेचार वाजलेले असतात, खिडकीबाहेर नुकता अंधार पडलेला असतो. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि त्याच वेळी घरातला उजेड, भांड्यांचा आवाज, आज्जीचा चेहरा. फोन ठेवल्यावर पुढचे पाच-सहा तास मुलगा काहीच करू शकत नाही, आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल. फोन बंद कर असं मी म्हणत नाही, वेळ बदल. तुझे सकाळचे आठ म्हणजे घरी साडेबारा, आई स्वयंपाक उरकून बसलेली असते. आठला फोन ठरलेला असला की उठावं लागतं, तोंड धुवावं लागतं, आणि फोन ठेवल्यावर समोर अख्खा दिवस असतो. वडील शेतावर असतील तर त्यांच्याशी रविवारी बोल. माझ्याकडच्या बऱ्याच मुलांना एवढ्या एका बदलाने फरक पडलाय.

खाण्याचं. ब्रेड-नूडल्सवर कुणाचंच डोकं नीट चालत नाही. मला दोन कारणं दिसतात मुलं न शिजवण्यामागे. एक म्हणजे पैसे, युरोचे रुपये करायला प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणायची सवय. मेन्झात म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनला तीन-चार युरोत ताट मिळतं, पोरगं मनात म्हणतं साडेतीनशे रुपये, एवढ्यात बाबांचं अमुक झालं असतं, आणि उपाशी खोलीवर परत येतं. अरे, ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला जे ९९२ युरो सुटतात ते जगण्यासाठीच धरलेले आहेत, त्यात जेवण आहे. वाचवायचे तर दुसरीकडे वाचव. दिवसातून एक वेळ तरी मेन्झात जेव, गर्दीत बसून जेव, व्हेज आता सगळीकडे असतं.

दुसरं कारण म्हणजे किचन. कॉमन किचनमध्ये आपली फोडणी म्हणजे परीक्षाच. तेल धूर निघेस्तोवर तापवून मोहरी टाकली की स्मोक अलार्म वाजतो, काही हॉस्टेलांत तो थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो आणि विनाकारण गाडी आली की बिल मुलाच्या नावावर येऊ शकतं. कांदा-लसूण मसाला नुसत्या तेलात परतला की पूर्ण मजला खोकतो. म्हणून मी मुलींना आणि मुलग्यांनाही जायच्या आधी इथेच करून दाखवते. खिडकी आधी सताड उघडायची, कॉरिडॉरचं दार लावायचं, तेल मध्यमच तापवायचं, मोहरी टाकताच झाकण, आणि मसाला तेलात न टाकता कांदा-टोमॅटो शिजून पाणी सुटल्यावर त्यात घालायचा. चव तीच येते. पार्सलचं पण सांगून ठेवते, घरून कुणी येणार असेल तर सुका मसाला, भडंग, चटणी चालते, पण दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे कंदी पेढे आणि तूप नाही, ताजा कढीपत्ताही कागदपत्रांशिवाय नाही. आईला आधीच सांग म्हणजे तिने मायेने दिलेला डबा कस्टमला टाकावा लागणार नाही.

विट्याची एक मुलगी होती. तिच्या मजल्यावर एकदा फ्रिजवर टाईप केलेली चिठ्ठी लागली, स्वयंपाकानंतर ओटा पुसावा आणि खिडकी उघडी ठेवावी. तिने वाचलं की यांना आपल्या जेवणाचा वास सहन होत नाही, आपण नकोसे आहोत. त्यानंतर कित्येक आठवडे ती खोलीत बसून ब्रेड खात होती, किचनमध्ये कुणी असेल तर मागे फिरायची. मी तिला म्हटलं चिठ्ठी कुणी लावली ते शोध आणि जाऊन विचार. शेजारच्याच खोलीतल्या मुलीने लावली होती, आणि तिचं म्हणणं खरंच तेवढंच होतं, ओटा चिकट राहतो आणि वाफेने कोपऱ्यात बुरशी धरते, त्या बुरशीचे पैसे खोली सोडताना डिपॉझिटमधून कापतात. जेवणाबद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं. आपल्याकडे बोललेल्या वाक्यामागे अजून दोन वाक्यं असतात, ती ओळखायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. तिकडे सहसा जे लिहिलंय तेवढंच असतं. प्रोफेसरची दोन ओळींची कोरडी मेल आली तरी तो रागावलेला नसतो. हे एकदा कळलं की अर्धा ताण उतरतो.

माणसं कशी जोडायची हा पुढचा भाग, आणि इथे खूप काही शहरावर अवलंबून आहे. मोठ्या शहरात मराठी मंडळ असतं, गणपती-दिवाळी होते, लहान गावात कदाचित पूर्ण युनिव्हर्सिटीत तू एकटा मराठी असशील. आपल्या माणसांत राहू नकोस असं काहीजण सांगतात, मला ते पटत नाही, आजारी पडल्यावर खिचडी कोण आणून देणार? फक्त सगळा वेळ तिथेच जाऊ नये, एवढं पाहायचं. जर्मन मुलं चहाला बोलावून मैत्री करत नाहीत, सोबत काहीतरी करता करता ओळख होते. त्यामुळे वर्गात परत जाताना मोठ्या लेक्चरने सुरुवात करू नकोस. यूबुंगला जा. यूबुंग म्हणजे गणितं सोडवायचा तास, वीस-पंचवीस जण, शिकवणारा बऱ्याचदा सिनियर विद्यार्थी असतो. सरळ म्हण, "मी काही आठवडे आलो नव्हतो, गणितांच्या चौथ्या शीटपासून सुरू करतोय, कुणी ग्रुपमध्ये घ्याल का?" का आलो नव्हतो ते कुणी विचारणार नाही, विचारलं तर बरं नव्हतं म्हण, ते खोटंही नाही.

रविवारचं आणि सुट्टीचं आत्ताच ठरव. रविवारी दुकानं बंद असतात, आणि ख्रिसमसला तर २४ तारखेला दुपारीच सगळं बंद होतं ते २५-२६ पूर्ण बंद, हॉस्टेल रिकामं होतं, युनिव्हर्सिटी बंद. हे दिवस एकट्याने खोलीत काढू नकोस. किराणा आधी भरून ठेव. इंटरनॅशनल ऑफिस किंवा श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे मेन्झा-हॉस्टेल चालवणारी संस्था, कधीकधी राहिलेल्या मुलांसाठी कार्यक्रम ठेवतात, ते बघ. ते नसेल तर हॉस्टेलात राहिलेला जो कुणी असेल, इराणी, चिनी, बांगलादेशी, त्याच्यासोबत स्वयंपाक कर. तो पण वाटच बघत असतो कुणी दार वाजवण्याची.

आता एक प्रश्न मी तुला विचारते, जो मी अशा प्रत्येक मुलाला पहिला विचारते. खालची पोस्टाची पेटी शेवटची कधी उघडलीस? ज्या मुलांचं बिनसलेलं असतं ती पत्रं उघडायचं सोडतात, आणि जर्मनीत सगळी महत्त्वाची कामं अजून पत्राने चालतात. इन्शुरन्सचं पत्र, रेडिओ-टीव्ही फीचं पत्र, महिना १८.३६ युरो प्रत्येक घरामागे, टीव्ही नसला तरी, परमिट म्हणजे तिकडे राहायच्या परवान्याच्या ऑफिसचं पत्र. नाही भरलं की दंडासकट आठवणीचं पत्र येतं, ते पण पेटीत पडून राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या सेमिस्टरसाठी नाव चालू ठेवायची फी, ती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरायची असते, ती चुकली तर नाव कमी होतं आणि त्यावर तुझं परमिट उभं आहे. परत यायचं की नाही हे तू ठरवायच्या आधीच एका न उघडलेल्या पाकिटाने ठरवू नये. आजच पेटी उघड, सगळी पाकिटं टेबलावर मांड, समजत नसतील तर फोटो काढून मोबाईलवर भाषांतर कर किंवा हॉस्टेलच्या ट्यूटरकडे ने.

परत यावं का, या प्रश्नावर. मी हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही, पण आत्ता ठरवू नकोस एवढं ठामपणे म्हणते. डिसेंबरच्या अंधारात, झोप उलटी झालेली असताना, नीट न जेवता घेतलेला निर्णय हा तुझा निर्णय नसतो. एप्रिलमध्ये, समर सेमिस्टर लागल्यावर, रात्री आठपर्यंत उजेड असतो तेव्हा पुन्हा विचार कर, आणि तेव्हाही परत यावंसं वाटलं तर ये, त्यात कमीपणा नाही. माझ्याकडची काही मुलं परत आली आणि इथे चांगली कामाला लागली. फक्त परत येण्याआधी लोनचं बँकेच्या शाखेत विचारून घे, कारण साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नसतो, कोर्स सोडला तर ते गणित बदलतं. मधला रस्ताही आहे, आजारपणासाठी एक सेमिस्टरची अधिकृत रजा मिळू शकते, तिचा परमिटवर काय परिणाम होतो ते इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच घ्यायची. आणि चार सेमिस्टरचा कोर्स पाच-सहा सेमिस्टरला पूर्ण करणारी जर्मन मुलं पण ढीगभर आहेत, तिकडे त्याला कुणी वर्ष वाया गेलं म्हणत नाही.

पण याला एक मोठा अपवाद आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक पूर्ण बिघडली असेल, तर हे नुसतं घरची आठवण येणं राहिलेलं नाही, त्याला उपचार लागतो, आणि तू जे लिहिलंयस त्यावरून तुला तो लागेल अशी मला शंका आहे. श्टुडिरेंडनवेर्कमध्ये विद्यार्थ्यांसाठी मानसिक समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी मोफत आणि इंग्लिशमधून मिळतं, आणि गुप्तता पाळायचं त्यांच्यावर बंधन आहे, युनिव्हर्सिटीला किंवा घरी काही कळवत नाहीत. शिवाय तुझ्या हेल्थ इन्शुरन्सवर जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे जाता येतं. सुट्टीत अपॉइंटमेंट मिळत नसेल तर ०८०० १११ ० १११ हा मन मोकळं करायचा मोफत हेल्पलाइन नंबर २४ तास चालू असतो. आणि जगूच नये असा विचार एकदाही येऊन गेला असेल तर वाट बघायची नाही, ११२ ला, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला, फोन कर, किंवा शेजारचं दार वाजव, रात्री तीन वाजले असले तरी.

घरी सांगण्याबद्दल. सगळं एकदम सगळ्यांना सांगू नकोस, आधी एकाला सांग. घरात जो शांतपणे ऐकतो, मोठी बहीण, मामा, चुलतभाऊ, त्याला. आणि सांगताना प्रश्नासोबत पुढचं पाऊल पण सांग, "दादा, माझे काही आठवडे वाया गेलेत, मी या सेमिस्टरला तीनच पेपर देतोय, डॉक्टरकडे जातोय, एप्रिलपर्यंत बघतो." जमीन तारण ठेवणारे वडील मुलाला तीन पेपर कमी झाले म्हणून टाकत नाहीत. त्यांना खरी भीती असते ती पोराचा आवाज बदललाय आणि पोरगं सांगत नाही याची, आणि आईवडिलांना आवाज कळतो, तू कितीही मस्त म्हणालास तरी. माझ्याकडे मुलांच्या आधी त्यांच्या आयांचे फोन येतात, "मॅडम, तो बरा आहे म्हणतो पण बरा वाटत नाही."

राहिले पेपर. तुझ्या कोर्सचे परीक्षेचे नियम युनिव्हर्सिटीच्या साईटवर आहेत, ते वाच. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन अटेम्प्ट असतात, तिसऱ्यात गेला की तो कोर्स संपतो आणि मग जर्मनीत दुसरीकडेही त्याच कोर्सला सहसा घेत नाहीत. नाव नोंदवून परीक्षेला न गेल्यास बऱ्याच ठिकाणी ५.० म्हणजे नापास धरतात, डॉक्टरचं सर्टिफिकेट वेळेत दिलं तरच वाचतं. पण ठरलेल्या तारखेपर्यंत नाव काढून घेता येतं आणि मग अटेम्प्ट जात नाही. म्हणून सहाही विषयांना बसायची जिद्द धरू नकोस. ज्याची गणितं तुला बीईत येऊन गेलीयेत असे दोन-तीन विषय ठेव, बाकीचे तारखेच्या आत काढून टाक. पास व्हायला ४.० पुरतं, तिकडे १.० सगळ्यात वर असतं, तेव्हा पहिल्या सेमिस्टरला ३.० आला तर रडू नकोस.

विषयांची नावं, नाव काढून घ्यायची शेवटची तारीख आणि नियमांत अटेम्प्ट किती लिहिलेत एवढं इथेच खाली टाक. कोणते ठेवायचे, कोणते पुढच्या सेमिस्टरला ढकलायचे ते मी बघून सांगते. पोस्टाच्या पेटीत काय निघालं ते पण लिही.